विळेसाहेबांचा दात

पिंपळवंडीच्या शाळेसमोरचा फ्लेक्स दिसला आणि फरहाला वाटलं, ड्रायव्हरला सांगावं, गाडी तशीच पुढं आळेफाट्याला जाऊ दे. फ्लेक्सवर गेणभाऊंचा भलाथोरला फोटो होता, त्याखाली अक्षरं होती : ‘जागतिक कीर्तीचे दंतसम्राट मा. विळेसाहेब फिनलंडकर यांचे सहर्ष स्वागत.’ दंतसम्राट तेवढ्यात जीपमधून उतरताना दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेत होते.

फरहा जुन्नरची. पुण्याच्या डेंटल कॉलेजात तिची इंटर्नशिप चालू होती. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या कॉलेजातल्या शाखेचं पाहुण्या विद्यार्थ्यांचं खातं फरहाकडं होतं. इकडचा विद्यार्थी तिकडं जातो, तिकडचा इकडं येतो, दवाखाने बघतो, ओळखी करतो, असा तो मामला. यंदा फिनलंडहून विले आला होता. ताडमाड उंच, भुवयासुद्धा पांढुरक्या, आणि दिसेल त्याला हात जोडून नमस्कार करणारा. त्याचं शिक्षण अजून पुरं व्हायचं होतं. त्यानं गावातल्या दंततपासणी शिबिरात फक्त बघायचं, रुग्णाच्या तोंडाला हात लावायचा नाही, हे फरहानं फोनवर गेणभाऊंना दोनदा समजावलं होतं. गेणभाऊ गावचे माजी सरपंच. त्यांनी त्यातला ‘आंतरराष्ट्रीय’ एवढाच शब्द ऐकला आणि फ्लेक्सवाला गाठला.

“काका, हे काय लिहिलंत? तो विद्यार्थी आहे अजून.”

“असू दे की गं. माणसं जमाया नगं का?” गेणभाऊ म्हणाले. “आन विळे म्हंजी आपल्या विळ्या-कोयत्यातलंच ना? लई झ्याक नाव हाय.”

माणसं जमली, त्यात शंका नव्हती. शाळेचं पटांगण भरून गेलं. पण तोंड उघडायला कोणी तयार होईना. फरहानं खुर्ची मांडली, हातमोजे चढवले, आरसा हातात घेतला आणि हाक मारली, की समोरचा माणूस म्हणायचा, “साहेबांनाच दावतो आमी.” एका बाईनं तर विचारलं, “तू नर्स हाईस का गं? साहेबांना च्या दिला का?” फरहाच्या नाकाचा शेंडा लाल झाला. पाच वर्षं डोळे फोडून अभ्यास केला तो चहा द्यायला? त्यात विले कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांबरोबर सेल्फी काढत होता, त्याचा तिला आणखीच राग आला.

शिबिराच्या प्रमुख होत्या कॉलेजातल्या डॉ. आरती पडवळ मॅडम. मूळच्या महाळुंगे पडवळच्या, त्यामुळं या मुलखाची नाडी त्यांना ठाऊक होती. त्या टेबलामागं निवांत बसून औषधं लावत होत्या. “घाई करू नकोस,” त्या फरहाला म्हणाल्या. “आधी बघून घेऊ देत त्याला पोटभर.”

गेणभाऊंनी पाहुण्यासाठी उसाची मोळी आणून ठेवली होती. पारगावच्या कारखान्याची तोड चालू होती. त्यातला रसरशीत ऊस त्यांनी खास बाजूला काढलेला. ऊस कसा खायचा ते दाखवायला ठकूबाई पुढं झाल्या. सत्तरी उलटलेली बाई, पण बत्तिशी शाबूत. त्यांनी कांडं तोंडात धरलं, मान अशी झटकली की हातभर साल कर्रकन सुटून आली.

“हे बग विळ्या, असं. माज्या दातांना दाक्तर लागत न्हाई.”

विलेला शब्द कळले नाहीत, पण आव्हान कळलं. “नको,” फरहा ओरडली, “चाकूनं कापून देतात तुला.” पण भोवतीनं मोबाईल वर झाले होते आणि पाहुणा पेटला होता. त्यानं कांडं पुढच्या दातांत धरलं, ठकूबाईंसारखीच मान झटकली. कट् असा आवाज झाला. विले हसला, आणि पटांगणातला सगळा गलबला थांबला. वरच्या पुढच्या दाताच्या जागी एक बारीक खुंट उभा होता.

“आगं बया!” ठकूबाईंनी कपाळाला हात लावला. “पावण्याचा दात पाडला म्या!”

“दात नाही, कॅप आहे,” विले फरहाला म्हणाला. म्हणजे त्याला तसं म्हणायचं होतं. तोंडातून निघाली ती नुसती हवा. शाळेत असताना बर्फावरच्या हॉकीत त्याचा दात मोडला होता, त्यावर बसवलेली कॅप निघून आली होती.

“कोणी जागचं हलू नका!” फरहा म्हणाली. “पायाखाली बघा. पांढरं, शेंगदाण्याएवढं असेल.”

मग जे झालं ते पिंपळवंडीनं आजवर पाहिलं नव्हतं. निम्मं गाव गुडघ्यांवर आलं. चोयट्या, चिपाडं उलटीपालटी झाली. एक कोंबडी डुलत डुलत आली तशी गेणभाऊ किंचाळले, “हाकला तिला! गिळंल इदेशी दात!” तिघं कोंबडीमागं धावले. कोणी खडा आणून दाखवी, कोणी चुन्याचा तुकडा. आणि विले, हातात उसाचं कांडं घेऊन, स्वतःच गुडघ्यांवर बसून स्वतःचाच दात शोधत होता. ठकूबाई त्याच्यापुढं उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

“आरं, ते हातात काय हाय तुज्या?” त्यांनी कांडं ओढून घेतलं. सालीत रुतून कॅप तिथंच चिकटली होती.

टाळ्या पडल्या. विले खुर्चीत येऊन बसला आणि त्यानं आ केला. फरहानं मॅडमकडं पाहिलं.

“मॅडम, तुम्ही—”

“मी कशाला? खुर्ची तुझी आहे. मी आहे मागं उभी.”

फरहानं हातमोजे बदलले. कॉलेजात तिनं कॅपा चिकटवल्या होत्या, पण तिथं उसाचा चोथा नसतो, आणि खांद्यावरून डोकावणारं गाव तर नसतंच. तिनं कॅप धुतली, आतलं जुनं सिमेंट खरवडून काढलं. खुंट तपासला. शाबूत होता. कॅप घालून बघितली, नीट बसली. मग कापूस लावून दात कोरडा केला आणि पावडर-पाणी घोटायला घेतलं.

“काय गं ते?” गेणभाऊ.

“सिमेंट, काका.”

“आँ? मग पाणी मारावं लागंल की वरून!”

मॅडमना हसू आवरेना. फरहानं मात्र घोटणं थांबवलं नाही. तिनं कॅप बसवली, विलेला कापसाचा बोळा चावायला दिला आणि दटावलं, “बोलायचं नाही, हसायचं नाही. सेल्फी तर अजिबात नाही.” साडेसहा फुटांचा दंतसम्राट शाळकरी पोरासारखा मान डोलवून गप्प बसला. थोड्या वेळानं तिनं कडेचं सिमेंट साफ केलं, आरसा दाखवला. विलेनं आरशात पाहिलं आणि तिला कोपरापासून हात जोडले.

“म्हंजी साहेबांची दाक्तर हीच!” कोणीतरी बोललं, आणि बघता बघता रांग खुर्चीपुढं लागली. मघाशी चहाचं विचारणारी बाई सगळ्यांत पुढं होती. फरहानं तिला जरा जास्त वेळ आ करून ठेवलं, हे खरं.

सगळ्यांत शेवटी ठकूबाई बसल्या. “बग, पर काय सापडायचं न्हाई तुला.” दात खरोखर खणखणीत होते. पण गाल ताणून बघितला तेव्हा फरहा थबकली. ठकूबाई जिथं जळक्या तंबाखूच्या मिसरीची चिमूट दाबून ठेवायच्या, तिथं आतल्या बाजूला पांढरा, खरखरीत चट्टा होता.

“आजी, दुखतं का इथं?”

“न्हाई.”

“पुण्याला यावं लागेल. या चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायचा. आणि मिसरी आजपासून बंद.”

ठकूबाईंचा चेहरा उतरला. “वंगाळ हाय का काई?”

खोटा धीर द्यावासा वाटला, पण फरहानं दिला नाही. “आत्ता सांगता येत नाही. पण लवकर सापडलंय, आणि तुमच्यासंगं मी असेन.”

ठकूबाई पुण्याला आल्या. तपासणीत वाईट काही निघालं नाही. मात्र मिसरी चालू राहिली तर पुढं निघेल, असं मॅडमनी त्यांना रोखठोक सांगितलं. आता प्रश्न एकच होता. सकाळी उठल्यावर तोंडात घालायचं काय? विलेनं परत जाताना खिशातलं बिनसाखरेच्या च्युइंगगमचं पाकीट त्यांना दिलं. ते चार दिवसांत संपलं आणि ठकूबाईंचा फरहाला फोन आला, “विळ्याला सांग, अजून धाड. न्हाईतर मिसरीचा डबा उघडते बग.”

दुकानात इथंही मिळालं असतं. पण फरहाला काय लहर आली, तिनं संघटनेच्या ग्रुपवर ठकूबाईंचा फोटो टाकला आणि सगळी हकीकत लिहिली. पंधरवड्यानं पिंपळवंडीचे पोस्टमन सावळाराम वैतागून गेणभाऊंकडं आले. तुर्कस्तान, पोलंड, ब्राझील, कुठकुठली च्युइंगगमची पुडकी, आणि सगळ्यांवर नाव एकच, ठकूबाई.

गेणभाऊ लगोलग ठकूबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले. “आक्के, एक गोळी आमाला बी दे की. ती ब्राझीलची.”

“देते,” ठकूबाई गम चघळत म्हणाल्या. “आदी तंबाकूची डबी ठिव हितं.”

गेणभाऊंनी खिसा चाचपला, आभाळाकडं पाहिलं, आणि म्हणाले, “ब्राझीलची ऱ्हाऊ दे. पोलंडची कशी लागती?”