सतरा नंबरचा खुंटा

बटाट्यांच्या पोत्याला आईचं हेल्मेट घातलेलं होतं.

आल्मुट गॅरेजच्या दारातच थबकली. बाबांची जुनी मोटारसायकल, तिच्या उजव्या कुशीला जोडलेली साइडकार, आणि त्या साइडकारमध्ये, जिथे आई एकतीस हिवाळे बसली तिथे, पट्ट्यांनी आवळलेलं पोतं. वर हेल्मेट, तेही काच खाली ओढून, अगदी प्रवासाला निघाल्यासारखं.

"हे काय, बाबा?"

"वजन." जीगमार गुडघ्यावर बसून चाकाला साखळी बांधत होते. "साइडकार रिकामी असली की उजव्या वळणावर उचलली जाते. बासष्ट किलो. काट्यावर तोलून भरलेत."

"आणि हेल्मेट?"

"कुठेतरी ठेवायचं ना."

आल्मुट केम्नित्सहून सकाळच्या पहिल्या गाडीने आली होती ती त्यांना अडवायला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, एक खुबा धातूचा, जानेवारीचा महिना, डोंगरातले रस्ते. काय काय बोलायचं ते तिने गाडीत मनाशी जुळवून ठेवलं होतं. ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईची मांडणी. एकही मुद्दा सुटला नव्हता. पण त्या पोत्याकडे बघितलं आणि त्यातला एकही मुद्दा तिने काढला नाही.

बाबा का निघालेत हे तिला ठाऊक होतं. देशाला दुभागणारी भिंत पडली आणि सरहद्दी उघडल्या, त्यानंतर लवकरच एका हिवाळ्यात आईबाबा पहिल्यांदा बव्हेरियाच्या जंगलातल्या क्रेहेनग्रुंडच्या मेळ्याला गेले. थंडी ऐन भरात असताना साऱ्या युरोपातून माणसं मोटारसायकली हाकत त्या दरीत येतात, बर्फात तंबू ठोकतात, पेंढ्यावर झोपतात, आणि याला मजा म्हणतात. तिथे प्रत्येक गाडीची जागा ठरलेली. जागेवर एक लाकडी खुंटा, खुंट्यावर नंबर आणि नावं. सतरा नंबरच्या खुंट्यावर आईने स्वतः निळ्या रंगाने लिहिलं होतं: इर्मा आणि जीगमार. तिचं नाव आधी.

मेळ्याचा एकच कडक नियम. जो लागोपाठ दोन वर्षं येणार नाही त्याचा खुंटा शनिवारी बाराच्या ठोक्याला उपटायचा आणि शेकोटीत घालायचा. जागेसाठी नंबर लावून माणसं थांबलेली असतात. गेल्या जानेवारीत आई इस्पितळात होती. मार्चमध्ये ती गेली. आणि आज शुक्रवार.

"दुसरा खुंटा करता येईल," आल्मुट एवढंच म्हणाली.

"अक्षर कुठून आणू?" बाबांनी साखळीची कडी आवळली.

आल्मुटने पोत्यावरचं हेल्मेट उचललं. मग म्हणाली, "पोतं उतरवा."

"का?"

"माझं वजन चौसष्ट आहे. दोन किलो जास्त. चालेल?"

बाबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बटाटे बोलत नाहीत."

"मीही फारसं बोलत नाही."

"ते खरं. त्या बाबतीत तू आईवर गेलीच नाहीस." ते गुडघा धरून उठले. "पण दहा किलो राहू दे साइडकारच्या पुढच्या नाकाडात. मेळ्यात सूपाला लागतील."

हेल्मेट बरोब्बर बसलं. डोकं तरी आईवर गेलं होतं. आत अजून कापराच्या मलमाचा वास होता. आल्मुटने काच खाली ओढली.

सीटच्या खिशात तिला दोन वस्तू सापडल्या. एक लाकडी डाव, लांब दांड्याचा. आणि तेलकट पुठ्ठ्याची वही.

"डाव कशाला?"

"हेल्मेटात मला काही ऐकू येत नाही. पाट्या वाचायला मी मान वळवत नाही. उजव्या गुडघ्यावर एक फटका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे थांब."

"आई तुम्हाला मारायची?"

"एकतीस वर्षं. एकदाही रस्ता चुकला नाही."

वहीत नकाशा नव्हताच. आईचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर: "हद्द ओलांडल्यावर पिवळं चर्च, तिथून उजवीकडे. गुरगुरणारं कुत्रं आलं की डावीकडे (कुत्रं मेलं, २००४; त्याचा मुलगा गुरगुरतो)." मग: "मारेन्काकडे मुक्काम. लसणीचं सूप. तिच्या गुडघ्याची चौकशी करायची, नाहीतर रुसते." गावांची नावं जवळजवळ कुठेच नव्हती. आईचा युरोप असा होता: चर्चं, कुत्री, आणि कोणाचं काय दुखतं.

पहिल्याच उजव्या वळणावर आल्मुट घाबरून बाबांच्या बाजूला, डावीकडे झुकली. साइडकारचं चाक रस्ता सोडून वर आलं. ती हवेत, खाली बर्फ, शेजारी बाबांचा फुगलेला कोट. चाक धाडकन परत टेकलं तेव्हा तिचे दात एकमेकांवर आपटले.

बाबांनी गाडी बाजूला घेतली, काच वर केली. "उजव्या वळणावर उजवीकडे झुकायचं! बाहेर! चाकावर!"

"म्हणजे पडायच्या बाजूला?"

"तेच तर काम आहे. बटाटे तुझ्यापेक्षा बरे झुकले असते."

"मग घाला परत पोतं."

"पोतं घरी राहिलं," बाबा म्हणाले, आणि हसले. आल्मुटने मनात हिशोब केला. मार्चनंतर पहिल्यांदाच.

हद्दीपलीकडे, बोहेमियातल्या टेकड्यांवर बर्फ इतका कोरडा पडत होता की तो रस्त्यावर पिठासारखा सरकत होता. पिवळं चर्च सापडलं. कुत्रंही सापडलं, नातू असावा. आल्मुटने एक फटका दिला तो जरा जोरातच बसला, आणि बाबा "आई गं!" म्हणून ओरडत डावीकडे वळले. दुपारपर्यंत तिला उजवीकडे झुकणं निम्मं जमायला लागलं. निम्मं म्हणजे शरीर जायचं, मन साइडकारमध्येच राहायचं.

मारेन्काबाईंची खाणावळ रस्त्याला लागूनच होती. गाडीचा आवाज ऐकून त्या ॲप्रन पुसत बाहेर आल्या. दोन वर्षांनी आलेली गाडी, साइडकारमध्ये ओळखीचं हेल्मेट. त्यांनी दोन्ही हात पसरले. "इर्मा! आलीस गं बाई! मला वाटलं विसरलीस!"

जीगमार हातमोजे काढायला लागले. एकेक बोट सोडवत. ते हातमोजे काही केल्या संपेचनात. मेळ्यातल्या सगळ्यांना त्यांनी वसंतात कार्ड टाकलं होतं; मारेन्काबाईंचा पत्ता मात्र त्यांच्याकडे नव्हता. पत्ते आई ठेवायची.

आल्मुटने हेल्मेट काढलं. "मी तिची मुलगी. आल्मुट. आई मार्चमध्ये गेली, मावशी."

मारेन्काबाईंनी पसरलेले हात खाली घेतले नाहीत. तशाच पुढे आल्या आणि त्यांनी आल्मुटला त्या हातांत घेतलं; कोटाचा बर्फ त्यांच्या ॲप्रनवर वितळला. मग आल्मुटला वहीतली ओळ आठवली.

"तुमचा गुडघा कसा आहे?"

मारेन्काबाई रडता रडता फिसकन हसल्या. "बघ, बघ! विचारलंच! मेला दुखतोय गं. चल आत, सूप गरम आहे."

निघायचं ठरलं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. पण मारेन्काबाईंनी सूपाशिवाय सोडायला नकार दिला, सूपानंतर आलुबुखाराची दारू पुढे केली, चालवणाऱ्याने प्यायची नसते म्हटल्यावर बाटली बांधून दिली, आणि मग इर्माने त्यांच्या सुनेला काय सुनावलं होतं त्याची गोष्ट सांगितली. गोष्ट चांगली होती. घड्याळात आठ वाजून गेले.

"चार तास," बाबा म्हणाले. "जमतं. आईसोबत साडेतीनात गेलोय."

आणि जमलंही असतं. वहीत शेवटून दुसरी खूण होती: "जंगलात लाल बाक. तिथे उजवीकडे, मग सरळ दरीत." आल्मुट डोळे ताणून लाल बाक शोधत राहिली. झाडं, बर्फ, झाडं. एक हिरवं बाक मागे गेलं. अर्ध्या तासाने रस्ता एका बंद लाकूडगिरणीच्या फाटकाशी जाऊन संपला.

बाबांनी इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की फांद्यांवरून बर्फ घसरल्याचं ऐकू येत होतं.

"बाक नव्हतं," आल्मुट म्हणाली. "एकच होतं, पण ते हिरवं."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "बाक रंगवत नाहीत का लोक?"

तिने वही मिटली. इतकी पुस्तकं वाचलेली बाई, आणि लिहिलंय ते शब्दाशब्दाने खरं धरून बसली. "चूक माझी," ती म्हणाली.

"चूक त्या रंगाऱ्याची," बाबा म्हणाले आणि त्यांनी गाडी वळवली. पण हँडलवर त्यांची पकड घट्ट झाली होती.

हिरव्या बाकाशी पोचले तेव्हा सव्वाबारा वाजले होते. तिथून खाली उतरणारा रस्ता म्हणजे एकच लांबलचक उजवं वळण, वर काचेसारखा बर्फ. समोर, झाडांच्या शेंड्यांवर, दरीतून धूर चढत होता. शेकोटी पेटली होती.

बाबांनी वेग कमी केला. थांबणार, असं तिला वाटलं. तिने डाव उचलला. काय सांगायचं ते ठरत नव्हतं. मग तिने त्यांच्या गुडघ्यावर दोन फटके दिले, आणि त्यांनी वळायच्या आतच ती बाहेर झुकली. चाकावर, चाकाच्या पलीकडे, कंबरेपर्यंत बाहेर. रस्त्याकडेचा बर्फ तिच्या हेल्मेटला घासत गेला. या खेपेला मनही सोबत आलं. चाक जमीन सोडेना. वरून काहीतरी ऐकू आलं. तिला आधी इंजिनाचा आवाज वाटला. बाबा गात होते, अत्यंत बेसूर.

दरीत तीनेकशे तंबू, धूर, भाजलेल्या सॉसेजचा वास. सतरा नंबरच्या जागेवर गर्दी जमलेली. गर्दीच्या मधोमध एक दाढीवाला म्हातारा पहार घेऊन उभा, घामाने डबडबलेला, थंडी उणे चौदा असताना. तो कास्पार, खुंटे उपटायचं काम त्याचं.

"उशीर!" कास्पार ओरडला. "पस्तीस मिनिटं उशीर, जीगमार!"

"माहीत आहे." बाबा उतरले. खुब्यावर हात ठेवून ते थोडं थांबले. "जाळला?"

"जाळतोय कसला! निघेल तेव्हा जाळीन ना!"

गर्दी बाजूला झाली. खुंटा जागेवर होता. म्हणजे त्याचा वरचा वीतभर भाग: सतरा, आणि निळ्या अक्षरात दोन नावं. त्याखाली पिंपाएवढा बर्फाचा गोळा, निळसर, दगडासारखा. त्यावर पहारीचे पाच-सहा ओरखडे होते, बस.

शेजारच्या तंबूतल्या स्लोव्हेनियाच्या मेताबाई हाताची घडी घालून, आकाशाकडे बघत उभ्या होत्या. त्यांचा नवरा बोश्त्यान रिकामी किटली पाठीमागे लपवायचा प्रयत्न करत होता. किटली मोठी होती.

"गुरुवारपासून," कास्पार बोट नाचवत म्हणाला, "या सगळ्यांनी गुरुवारपासून चहाचं पाणी इथे ओतलंय! रांग लावून! ते इटालियन तर भात उकडलेलं पाणीसुद्धा!"

"पाणी कुठे ओतायचं याचा काही नियम आहे का?" मेताबाईंनी विचारलं.

"नाही."

"खुंटे असेच पक्के करायचे असतात. आम्हाला इर्मानेच शिकवलंय. पहिल्या वर्षी आमचा तंबू वाऱ्याने उडाला, तेव्हा ती किटली घेऊन आली होती."

आल्मुटला वहीतली अगदी शेवटची ओळ आठवली. तिला तिचा अर्थ लागला नव्हता: "पोचल्यावर आधी किटली, खुंट्याला. मग चहा."

कास्पारने पहार बर्फात टेकवली. "नियम मी मोडलेला नाही. बाराला उपटायला आलो. खुंटाच निघत नाही तर मी काय करू? आणि आता गाडी हजर आहे." त्याने साइडकारकडे पाहिलं. "माणसं दोन. मग उपटायचा कशाला? माझी पाठ मोडली फुकट." तो दोन पावलं गेला आणि वळला. "ती बाटली मारेन्काची आहे का?"

"तुझीच आहे," बाबा म्हणाले.

बाबा खुंट्यापाशी गेले, हातमोजा काढला आणि पहिल्या नावावरचा बर्फ अंगठ्याने पुसला. मग घसा खाकरून म्हणाले, "बटाटे काढा रे कोणीतरी. नाकाडात आहेत. गोठले नसतील तर सूप होईल."

"गोठलेत," बोश्त्यान आत डोकावून म्हणाला. "दगड झालेत."

"मग उकळायला वेळ लागेल," बाबा म्हणाले. "आम्हाला कुठे घाई आहे."

चुलीवरची दुसरी किटली मेताबाईंनी उचलली आणि आल्मुटच्या हातात दिली. आल्मुटने ती वाकून, खुंट्याभोवती गोल, सावकाश ओतली. वाफ उठली, विरली. पाणी कडेला ओघळता ओघळता थांबलं आणि पांढरं झालं.

मग ती साइडकारच्या काठावर बसली, वही उघडली आणि खिशातली पेन्सिल काढली. बोटं वळत नव्हती. तोंडाची वाफ देऊन तिने ती उबवली, आणि आईच्या ओळीखाली, आपल्या सरळ उभ्या अक्षरात लिहिलं: "लाल बाक आता हिरवं आहे."

बाबांनी तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"साल घाल," ते म्हणाले. "आई घालायची."