गोधडीतली किटली

रामकिसननं काचेची नळी दुधात सोडली आणि ती सरळ खाली गेली. डेअरीच्या ओळीतल्या सगळ्यांनी माना लांब केल्या.

"पानी हाय," रामकिसन म्हणाला.

"न्हाई वो भाऊजी," रुक्मिणीबाई म्हणाली. "आत्ता पिळलंय. हात लावून बघा, आजून ऊन हाय. पानी टाकल्यावर दूध ऊन ऱ्हातंय का?"

"हात लावून दूध मोजायचं असतं तर दूध संघानं काच कशाला दिली असती? काच सांगती ते मी सांगतो."

तिच्या मागेच माझी चुलती छबुबाई किटली घेऊन उभी होती. ती कुणाकडेच न बघता म्हणाली, "पानी बी ऊन करता येतंय माय. त्याला काय लागतंय, दोन गवऱ्या."

सगळे हसले. रुक्मिणीबाईनं किटली उचलली, गोधडीत गुंडाळली, छातीशी धरली आणि मान खाली घालून निघून गेली.

ही गोधडीच गावाच्या डोळ्यांत खुपत होती. सगळ्या बाया किटल्या उघड्या हातानं आणायच्या, नाहीतर डोक्यावर. हीच एकटी किटली लेकरासारखी गुंडाळून आणायची. लपवायला काही असल्याशिवाय कुणी भांडं गोधडीत गुंडाळतं का, असं माझी काकू रोज विचारायची, आणि उत्तरही रोज तीच द्यायची.

शहाऐंशी सालच्या दुष्काळातली ही गोष्ट. आमचं गाव घाटाच्या वर, उघड्या माळावर. मार्गशीर्ष लागला की सकाळचा वारा असा सुटतो की भांडी घासणारीला आपली बोटं जागेवर आहेत का ते बघावं लागतं. त्या साली पिकं करपली, विहिरी आटल्या, दसऱ्यानंतर निम्मं गाव ऊसतोडीला गेलं. आणि नेमकी तेव्हाच शहादेव आणि रुक्मिणीबाई ही जोडी बिऱ्हाड घेऊन घाट चढून वर आली.

बरीच वर्षं ती दोघं वसईच्या खाडीकाठी एका तबेल्यात म्हशींचं करत होती. मालकानं तबेला विकला. इथे शहादेवाच्या बापाच्या दोन खोल्या होत्या, आमच्या घराला भिंत लागून. तिथे ती राहिली आणि केजच्या बाजारातून एक म्हैस आणली. खाडीकडच्या उबेत राहिलेली रुक्मिणीबाई आमच्या थंडीनं पार गारठून गेली. लुगड्यावर नवऱ्याचा स्वेटर, कानाला फडकं, चपलेत मोजे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पुरुष हसत नव्हते, ते विचार करत होते. सगळं गाव पोटासाठी खाली उतरतंय आणि हे दोघं वर येतात, म्हणजे तिकडे काहीतरी करून आले असणार. त्यात तबेल्यातली माणसं. दुधात पाणी कसं घालायचं ते शहरातल्या तबेल्यातच शिकवतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. तबेला मात्र कुणी पाहिलेला नव्हता.

गावात दूध संस्था होती आणि त्या साली संस्था म्हणजे जीव होता. कारण संघाकडून कडबा यायचा तो संस्थेत, आणि मिळायचा तो दूध घालणाऱ्यांनाच. रामकिसन संस्थेचा सचिव. त्याची काच चोख दुधात वर तरंगायची, पाणी असलं की बुडायची. त्या आकड्याला सगळे डिग्री म्हणायचे. पुन्हा पुन्हा डिग्री हुकली की कडबा बंद, हा नियम. कडबा बंद झाला तर रुक्मिणीबाईची म्हैस आठवडाभरही दावणीला राहणार नव्हती, आणि म्हैस गेली की त्या दोघांना गावात राहण्यासारखं काही उरत नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी चेअरमन बद्रीनाथअण्णा स्वतः त्यांच्या दारात आले. मी आमच्या ओट्यावर दोर वळत बसलो होतो.

"शहादेव, एकदा झालं, दोनदा झालं. आता उद्याच्याला डिग्री हुकली तर माझा इलाज न्हाई. कडबा बंद."

"अण्णा, आमी तसली मानसं न्हाई."

"तसली कसली ते मी म्हनलोच न्हाई. काच म्हनती." एवढं बोलून अण्णा गेले.

मग भिंतीपलीकडून आवाज आले. ऐकायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे भिंती मातीच्या आहेत आणि कान प्रत्येकाला दोन असतात.

"खरं सांग," शहादेव म्हणाला. "टाकतीस का पानी?"

भांडं आदळल्याचा आवाज आला.

"तुमी इचारता मला?"

"रागाला येऊ नको. काच का खोटं बोलतीय? उलिसं टाकलं असशील तर सांग, उद्यापून टाकू नको म्हंजी झालं."

"तबेल्यात गिऱ्हाईक किटलीला हात लावायचं. ऊन लागली तरच दूध घ्यायचं. गार दूध म्हंजी पान्याचं, आसं तुमीच सांगायचे की लोकायला. म्हनून मी थंडीत पळत जाते, गोधडीत गुंडाळून नेते, इथं बी लोकांनी हात लावावा म्हनून. एक मानूस हात लावंना. आन् आता तुमी बी."

"तसं न्हाई..."

"मग कसं हाय?"

शहादेव म्हणाला, असं असेल तर म्हैस विकू आणि खाडीकडे परत जाऊ, निदान थंडी तरी नाही. यावर रुक्मिणीबाई जे बोलली ते मला फार आवडलं. ती म्हणाली, "चोर म्हनून मी गाव सोडनार न्हाई. उद्या म्हशीलाच न्हेते तिथं."

आणि खरंच नेली. सकाळी डेअरीच्या दारात लिंबाला म्हैस बांधली, तिची वगार, लहानगी रेडी, मोकळी सोडून पान्हवून घेतली, पुढ्यात ओंजळभर सरकी टाकली आणि ओळीकडे तोंड करून म्हणाली, "पिळा. ज्याला माझा इस्वास न्हाई त्यानं आपल्या हातानं पिळा. भांडं बी तुमचं घ्या."

कुणी पुढे होईना. शेवटी रुक्मिणीबाईच म्हणाली, "छबुकाकू, या तुमी. तुमाला लई दिवसाचं बघायचंय."

काकूला मागे सरता येईना. तिनं रामकिसनची किटली घेतली, उलटी करून दाखवली, सरकीच्या नादात असलेल्या म्हशीच्या कासेला बसली आणि भराभर धारा काढल्या. काकूचा हात गावात नावाजलेला होता. फेस किटलीच्या गळ्याशी आला तशी ती उठली आणि किटली रामकिसनपुढे ठेवली. रामकिसननं काच सोडली.

काच बुडाली.

ओळ मोडली आणि सगळे किटलीवर वाकून बघू लागले. रुक्मिणीबाईचा चेहरा पांढरा पडला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "रातभर म्हशीला पानी पाजलं आसंल." दुसरा म्हणाला, "टँकरला हंडा मिळंना आन् म्हशीला कुठून पाजतीय बे?" आणि तिसऱ्यानं, हा सटवा, ज्याचं काकूशी बांधावरून वाकडं होतं, हळूच विचारलं, "काकू, तुमचे हात वले व्हते का?"

काकू गर्रकन वळली. "काय म्हनलास?"

"न्हाई, इचारलं. दूध तुमीच काढलं ना."

"मी पानी टाकलं? म्या? माझ्या हाताला कुनी बोट दावलं न्हाई आजवर. ही किटली हितून हलू द्यायची न्हाई मी. बोलवा बद्रीनाथला. त्याच्यासमूर होऊ दे."

आणि काकू डेअरीच्या ओट्यावर सावलीत, वाऱ्याच्या तोंडाला, किटली दोन्ही पायांत धरून बसली. रामकिसनला जवळ येऊ देईना, सटव्याला तर नाहीच. दुसऱ्या टोकाला रुक्मिणीबाई बसली, काकूवर नजर ठेवून. शहादेव त्या दोघींवर नजर ठेवून उभा. बाकीचे आपापल्या किटल्या धरून एकमेकांवर. अण्णा माळावरच्या शेताकडे गेले होते. त्यांना बोलावून आणेपर्यंत ऊन लिंबाच्या शेंड्यावरून खाली उतरलं, आणि तोवर एकही माणूस घरी गेला नाही. गेला असता तर त्याच्या माघारी काय ठरलं याचा त्याला घोर लागला असता.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि रामकिसनच्या हातातून काच घेतली. आता काचेवरही भरवसा नव्हता. त्यांनी ती धोतरानं पुसली, उजेडात धरून पाहिली आणि काकूच्या पायातल्या किटलीत सोडली.

काच वर तरंगली. चांगली टेचात, आकडा दिसेल अशी.

"हे चोख हाय की," अण्णा म्हणाले.

"आसं कसं?" रामकिसन पुढे आला. त्यानं पुन्हा सोडली, पुन्हा वर. मग सगळे काकूकडे बघू लागले. किटली तर तिनं क्षणभरही सोडली नव्हती. काकू म्हणाली, "माझ्याकडं नका बघू. मी पानी टाकलं न्हाई तशी मी दूध बी टाकलं न्हाई."

रुक्मिणीबाई उठली. तिनं किटलीला हात लावला आणि तसाच ठेवून उभी राहिली. "गार पडलंय," ती म्हणाली. मग हळूहळू, जणू स्वतःलाच सांगत, "ऊन व्हतं तवा बुडाली. गार झालं, वर आली. दूध तेच."

रामकिसननं त्यातलंच थोडं दूध वाटीत घेतलं, डेअरीतल्या स्टोव्हवर जरासं कोमट केलं आणि निमुळत्या भांड्यात ओतून काच सोडली. बुडाली. आपण ज्या दुधाला पाण्याचं म्हणत होतो ते गावातलं सगळ्यात ताजं दूध होतं. रुक्मिणीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि शहादेव तिच्याकडे न बघता चपलेनं माती उकरू लागला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण रुक्मिणीबाईनं डोळे पुसले आणि साधाच प्रश्न विचारला.

"मग समद्यांचं दूध ऊन करून बघा की एकदा. माझं ऊन मोजत व्हते, तुमचं गार. येकसारखं तरी व्हईल."

मी ओळीकडे पाहिलं. गार दुधात काच वर राहते, म्हणजे त्यात पाण्याला थोडी जागा असते, हे त्या क्षणी सगळ्यांना एकदम कळलं, की आधीपासून ठाऊक होतं, ते मी सांगू शकत नाही. आमच्या घरचीही किटली ओळीत होती आणि ती भरायचं काम माझ्याकडे नव्हतं, एवढंच मी म्हणेन. पण टँकरच्या हंड्यासाठी डोकी फोडणाऱ्या आमच्या गावात दुधासाठी पाणी कसं पुरत होतं, याचं मला आजही नवल वाटतं.

सटवा म्हणाला, "स्टो पेटवायचा म्हंजी रॉकेल लागतंय."

काकू म्हणाली, "कावून उगं? झालं ना आता. बाईचं दूध चोख हाय. मी सोता पिळलंय, मी सांगते."

"चोख म्हंजी चोखच," चार-पाच जण एकदम म्हणाले. इतकी एकी आमच्या संस्थेत निवडणुकीलाही झाली नव्हती.

अण्णांनी काच पुसून रामकिसनच्या हातात दिली. त्यांच्या गड्याच्या हातातली किटलीही ओळीतच होती. "रुक्मिणीबाईचा कडबा चालू ऱ्हाईल," ते म्हणाले. "आन् आजपून ज्यानं त्यानं दूध घरी गार करून आनायचं. येकसारखं."

ओळ भराभर सरकली. त्या दिवशी सगळ्यांची डिग्री लागली.

संध्याकाळी भिंतीपलीकडे शहादेव पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलत होता. बायकोला काही काही सांगून हसवायला बघत होता. मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाला, "रुक्मिणे, एक ध्यानात आलं का? गार झाल्यावर काच लई वर ऱ्हाती. म्हंजी उलिसं टाकलं तरी..."

पुढचं त्याला तिनं बोलू दिलं नाही. किटली खसकन ओढून घेतल्याचा आवाज तेवढा आला.

त्यानंतर रोज सकाळी मी उठायचो तेव्हा अंगणात रुक्मिणीबाई दिसायची. धार काढून झालेली असायची, दूध गार व्हायला मांडलेलं असायचं. घरात चूल पेटलेली असायची, ऊब असायची, आणि शहादेव दोनदा तरी दारात येऊन म्हणायचा, "तू आत बस, गारठशील, मी बघतो दुधाकडं." ती नाही म्हणत मान हलवायची. दूध गार होईपर्यंत ती स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून किटलीजवळ बसून राहायची.