डावं मनगट, उजवं मनगट

तेजश्रीचं लग्न मोडलं म्हणे, आणि तेही सेंटच्या एका बाटलीवरून. पण ते राहू द्या, तसं काही झालेलंच नाही. झालं एवढंच, की गेवराईत बस्ता बांधायला आलेली दोन्हीकडची तेरा माणसं कापडाच्या दुकानाशेजारच्या जनरल स्टोअरमध्ये उभी राहून आळीपाळीने नवरीच्या मनगटांचा वास घेत होती.

डाव्यावर एक सेंट, उजव्यावर दुसरा. दोन्ही गोड, दोन्हींत व्हॅनिला. डाव्यात मोसंबीची साल होती, उजव्यात संत्र्याची गोळी. तेजश्री बापाच्या मोसंबीच्या बागेत वाढलेली. तिला हे सर्दी झालेली असतानाही कळलं असतं. साड्या सासूने ठरवल्या होत्या, ब्लाउजचे गळे तिच्या छबुआत्याने, आणि चपला नवरदेवाच्या मामांनी, मोहनरावांनी, स्वतःच्या पायात घालून. सेंट तेवढा नवरीच्या पसंतीचा, असं ठरलं होतं.

"मला डाव्या हातावरचा पाहिजे."

"थांब, मतं घेऊ," मोहनराव म्हणाले.

छबुआत्याने डाव्या मनगटाला नाक टेकवलं. "ह्ये कस्टर्ड हाय."

"आन् ते?" मोहनरावांनी उजवं मनगट दाखवलं.

"ते बी कस्टर्डच. पर कालचं."

मतं सहा-सहा पडली. तेजश्रीचं धरलं नाही. मनगटं तिचीच असल्यामुळे ती तटस्थ राहणार नाही, असं मोहनरावांचं म्हणणं पडलं. उरला नवरदेव. सुग्रीवने दोन्ही मनगटं हुंगली, मोबाइल खिशात घातला, परत काढला.

"मामा म्हणतील ते."

तेजश्रीने हात हिसका देऊन ओढून घेतले.

"उजवा," मामा म्हणाले. "खोकं शालूवर मॅच होतंय."

"मामा, डावा म्हनले ना मी!"

"सारखेच तर हायत. एवढी कावून तापतीस?"

"सारखेच हायत तर माझा घ्या की!"

आईने, सत्यभामाबाईंनी, तिच्या दंडाला चिमटा काढला. दुकानदाराने उजवा बांधला. मोहनरावांनी बस्त्याच्या यादीवर खूण केली, यादी काउंटरवर ठेवली आणि मंडळी चहाला बाहेर पडली.

सुग्रीव मागे रेंगाळला. "खरं सांगू? मला बी डावाच आवडलता."

"मग बोलला कावून न्हाई तुमी?"

"बोललो की. मनात."

आणि तो हसला; दोघांचं पहिलं गुपित जमलं, असं त्याला वाटलं असावं. तेजश्रीने यादी ओढली, दुकानदाराचा पेन घेतला आणि कागद फाटेल इतका जोर देऊन शेवटच्या ओळीखाली लिहिलं:

"विनंती करण्यात येते की, चि. सुग्रीव यांनी आजवर मनात नोंदवलेली सर्व मते मामांच्या समक्ष, मोठ्या आवाजात, दोन साक्षीदारांसह सादर करावीत. तोवर लग्नाची तारीख धरू नये, व अर्जदाराची दोन्ही मनगटे मूळ स्थितीत परत करावीत."