बिनसुईचं शेण

लालसिंगनं एकविसाव्या गाईच्या मानेत सुई टोचली, उजव्या शिंगाला खुणेचं गेरूचं बोट ओढलं आणि नफा मोजला. गोचीड गळणार, जंत पडणार, अंगावर तेल चोपडल्यासारखी चकाकी येणार. आणि केळापूरकडच्या साऱ्या तांड्यांत असा कळप नाही, हे लोक आपसांत बोलणार. शेवटचं कलम त्याला सर्वांत गोड होतं. गुरांची डॉक्टरीण उज्ज्वला म्हणाली होती, वर्षातून एकदा. लालसिंगचं गणित सरळ होतं : एकदा टोचून एवढं, तर दर महिन्याला टोचून किती.

राहिल्या दोन गाई सुखीबाईच्या. थोरल्या भावाची बायको, त्याची भोजाई. तिच्या गाई चरायला त्याच्या कळपात असत, रात्री मात्र तिच्याच अंगणात बांधलेल्या. औषध ती घरी घेऊन जाई आणि आपल्या हातानं टोचे. सकाळी शिंगांवर गेरू दिसे. तरी गाई हाडकुळ्याच, मानेखाली गोचिडांच्या माळा.

"तुह्या हाताले यश नाही, भोजाई."

सुखीबाई पदर खोचून शेण गोळा करायला निघून जाई.

यंदाच्या पावसाळ्यात कुरणात शेण पडलं ते पडूनच राहिलं. एरवी शेणकिडे सकाळचा पो संध्याकाळपर्यंत गोळ्या करून मातीखाली नेत. आता तो भाकरीसारखा वरून कडक होई, खालचं गवत पिवळं पडे, भोवतालचं गाई हुंगून सोडून देत. आणि माशा. कपिला, जिला त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, दिवसभर मान झटकत उभी राही. तिचा एक डोळा आधी पाणावला, मग पांढरा झाला. श्रावणात दुसराही गळू लागला.

उज्ज्वलानं येऊन डोळ्यात औषध घातलं आणि काडीनं एक पो उलटा केला. खाली किड्याचं एकही भोक नव्हतं.

"काका, दर महिन्याले टोचून राह्यले काय?"

लालसिंगनं मान डोलावली. तिनं त्याला समजावलं की औषध शेणातून उतरतं आणि शेणकिडे मारतं. माशाही मरतात, पण त्या बाहेरून येऊन पडलेल्या शेणात अंडी घालतात आणि आठवड्यात पुन्हा तेवढ्याच होतात. किड्याला तेवढ्यासाठी वर्ष जातं. सुई बंद करा, म्हणाली. जवळपास एखादं बिनसुईचं जनावर असलं, तर त्याच्या शेणातून किडा लवकर परतेल.

"तेवीसच्या तेवीस टोचल्या," तो म्हणाला. हाच आकडा त्यानं उन्हाळाभर पारावर छाती काढून सांगितला होता.

संध्याकाळी सुखीबाई डोक्यावर टोपलं घेऊन कुरणात आली आणि तिनं ओलं शेण कपिलाच्या वाटेवर ओतलं. शेण आतून हलत होतं. काळे, चमकते किडे मातीत डोकं खुपसायला निघाले होते.

"कोनाचं हे?"

"माह्या दोघीचं."

"टोचल्या होत्या ना त्या?"

"गेरू लावला होता." तिनं टोपलं झटकलं. "ज्या शेनात किडा नाही, ते शेन सारवनाले लागत नाही, लालसिंग. चार दिवसांत पोपडे सुटतात. तुह्यासंग कोन वाद घालते?"

लालसिंगनं सुई बंद केली, ती रोज टोपलं ओतत गेली. विसाव्या दिवशी कुरणातल्या शेणाखाली ताज्या मातीचे ढीग दिसले. माशा विरळ झाल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी कपिलानं उरल्या डोळ्यानं, स्वच्छ डोळ्यानं, त्याच्या हातातला पेंडीचा गोळा लांबूनच पाहिला आणि चालत आली. लालसिंग होता तिथंच मातीत बसला.

उठला तो भोजाईच्या अंगणात गेला आणि तिच्या गाईच्या मानेखाली बसून चिमटीनं गोचीड वेचू लागला. हात चालले, तसा हिशोबही. चकाकी त्याच्या गाईंची, नाव त्याचं. रक्त दिलं या दोघींनी, टोमणे सोसले भोजाईनं, डोळा गेला कपिलाचा. आपण काय दिलं ते त्यानं पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. आतापर्यंत अकरा गोचीड.