सैल दोर

माझा भाऊ मेलिस संकटात एकच करतो: जे आधी केलंय तेच आणखी करतो. त्या दुपारी खिंडीकडून काळं आभाळ उतरू लागलं, तसा तो आमच्या नमद्याच्या गोल घराच्या पश्चिमेला मेखा ठोकत सुटला. छताच्या मधल्या लाकडी कड्याला दोर, दोराला मेख. जुने दोर पश्चिमेला आणि वायव्येला होतेच, नवेही तिथेच.

"दादा, वारा नैऋत्येचा आहे. दक्षिणेला एक तरी बांध."

"तिथे खडक आहे, मास्तरीणबाई! मेख काय तुझ्या खडूनं ठोकू?"

तरी त्याने घाव घातला. मेख टणकन उडाली. तेवढ्यात गारा कोसळू लागल्या आणि आम्ही आत पळालो.

आत आई होती, वहिनी बुरुल होती, आणि पाळण्यात तिचं अशक्त बाळ. असल्या गारांत त्याला बाहेर नेणं शक्यच नव्हतं. पाळणा नेहमीसारखा उत्तरेला, बायकांच्या बाजूला, कढईजवळ होता.

छताच्या काठ्या करकरू लागल्या. "धरेल, धरेल! इतके दोर आहेत!" मेलिस ओरडला.

मी बिश्केकला गणित शिकवते. एक प्रमेय दरवर्षी फळ्यावर लिहिते. दोर फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून दोनच शक्यता. एक तर सगळे दोर मिळून वाऱ्याला तोलतात. नाहीतर अशी एक दिशा असतेच, जिकडे वारा रेटतो आणि जिकडे सरकताना एकही दोर अडवत नाही. दोन्ही एकदम खऱ्या नसतात, आणि दोन्ही खोट्याही नसतात. मुलं जांभया देतात. खरं सांगायचं तर मीही देते.

मी कड्याकडे बघत ते मनातल्या मनात सरकवून पाहिलं. पूर्वेला? पश्चिमेचे दोर अडवतात. पश्चिमेला? वारा तिकडे रेटतच नाही. उत्तरेला, जरा पश्चिमेकडे झुकून? वारा थोडा तिकडेही रेटत होता, आणि एकही दोर अडवत नव्हता. पश्चिमेला आणखी शंभर दोर बांधले असते तरी ती वाट उघडीच राहिली असती. त्या वाटेवर पाळणा होता.

"पाळणा दक्षिणेला, पुरुषांच्या बाजूला घ्या!"

आई उसळली. "तिकडे, खोगिरांत? आपल्या घरात बाळ कधी खोगिरांत निजलंय?"

"आई, घर उत्तरेला पडणार."

"कुणी सांगितलं तुला, जिपार?"

"दोरांनी."

आई क्षणभर वर बघत राहिली. मग पाळण्याचं एक टोक तिनेच धरलं.

आम्ही खोगिरांत जेमतेम टेकलो आणि कडकड आवाज झाला. कडं उत्तरेकडे कललं, खाली आलं आणि कढई चेपून पाळणा होता त्या जागी बसलं. बाळ दचकून रडायला लागलं. ते रडणं ऐकून बुरुल हसत सुटली.

गारा थांबल्यावर मेलिस बाहेर गेला. पश्चिमेचे सगळे दोर सैल पडले होते, एकही तुटला नव्हता. तो ते हातात घेऊन नुसता उभा राहिला. दोर तोलू शकत नसतील, तर का नाही ते एक उघडी दिशाच बोट दाखवून सांगते, हे इतकी वर्षं मीच शिकवत होते, आणि मलाच ते आत्ता दिसलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच कुरणावर घर उभं केलं. मेलिस खांद्यावर दोर टाकून आला. "किती बांधू?"

"थांब रे," आई म्हणाली. नातू तिच्या कडेवर होता. "जिपार, आधी तू सांग. ह्या घराला जायचंय कुठे?"