टिंबाच्या फायली

दादाने मदत केली. त्याच्या मदतीला लांबूनच नमस्कार करावा हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी मी जुना लॅपटॉप त्याच्या हातात दिला. अक्कल गहाण पडली होती माझी.

दोन वर्षांपूर्वी मी जिन्यावरून पडले. उजव्या हाताचं हाड जुळलं, पण बोटं काही पूर्वीसारखी चालेनात. मी प्रोग्रॅमर. मग एका हाताने काम व्हावं म्हणून कॉम्प्युटरच्या सेटिंगच्या फायली एकेक ओळ बदलत गेले. डाव्या हाताची दोन बोटं दाबली की अख्खी आज्ञा उमटायची. सोमवारपासून नवं काम होतं, आणि साहेबांनी गोड आवाजात विचारलंच होतं, एका हाताने झेपेल ना? मी ठणकावून हो म्हटलं होतं.

दादाही याच धंद्यातला, पंधरा वर्षं मुरलेला. शनिवारी त्याने सगळं नव्या लॅपटॉपवर आणलं, जुना पुसून कोरा केला आणि वर माझ्याकडेच चहा मागितला. मी दोन बोटं दाबली. पडद्यावर नुसती दोन अक्षरं आली.

या फायलींच्या नावाआधी टिंब असतं, आणि टिंबवाल्या फायली कॉम्प्युटर लपवून ठेवतो. ‘सगळं उचल’ म्हटलं तरी नेमक्या त्याच मागे राहतात. शिकाऊ पोरांनाही हे पहिल्या महिन्यात कळतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंडाला येईल ते बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि मग त्याने हळूच विचारलं की दुसरीकडे प्रत नव्हती का. ऑफिसात साऱ्यांना प्रती ठेवायचं व्याख्यान देते मी. नव्हती.

“माझ्याकडे आहेत तुझ्या,” तो म्हणाला. आठ वर्षांपूर्वी मला न विचारता उचललेल्या. त्याने उघडून दाखवल्या. पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं, दादा, हात लावलास तर याद राख. ती ओळसुद्धा पठ्ठ्याने जपली होती. बाकी सगळं दोन्ही हातांचं होतं, एका वेळी चार-चार बटणं दाबायची.

“याने काम भागेल का?”

“दोन हात लागतात याला.”

तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “तू सांग, मी लिहितो.”

आठवेल तसं मी सांगत गेले. चुकलं की खेकसले, त्याने मुकाट्याने दुरुस्त केलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या आज्ञा चालू झाल्या. सोमवारचं निभावणार होतं.

त्याची दहाही बोटं न बघता सरसर चालत होती. मी शेजारी बसून ती बघत होते. फायली गेल्या तेव्हासुद्धा मला त्याचा इतका राग आला नव्हता.