काकांच्या वाटणीचं बोलणं

त्या दुकानात माणसं चष्मा करायला येत आणि काकूंचं ऐकून जात. दुकान एवढंसंच. पुढे काउंटर, भिंतीवर लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता आणि काकू. पडद्यामागे काच घासायचं चाक, बारक्या स्क्रूंच्या डब्या आणि काका. शेवटची ओळ दिसते की नाही हे काकू विचारत, फ्रेम नाकावर कुठे रुतते हे काकू बघत आणि पडद्याकडे तोंड करून सांगत, "अहो, डावीकडून जरा सैल करा." मग पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर येई, फ्रेम घेई आणि थोड्या वेळाने परत देई. काही जुन्या गिऱ्हाइकांनी काकांचा चेहरा पाहिला असेल की नाही, शंकाच आहे.

काका काही मुके नव्हते. त्यांच्यावर बोलायची वेळच येत नसे, एवढंच. लग्न नवीन होतं तेव्हा ते एखादं वाक्य मनात जुळवून तोंडापर्यंत आणत, तोवर काकूंनी ते बोलून टाकलेलं असे, आणि तेही काकांना जमलं असतं त्याहून छान. मग कशाला कोण धडपड करील? पाव्हण्यांनी "कसे आहात?" म्हणून काकांना विचारलं की काकू सांगत, "ठीक आहेत, जरा पाठ धरलीये." काका मान हलवत, कारण पाठ खरंच धरलेली असे. काकूंच्या तोंडाचा पट्टा आणि काकांच्या तोंडाला कुलूप, असा दोघांचा संसार चालला होता आणि चांगला चालला होता. निदान काकांना तसं वाटत होतं.

दुकानाच्या दारातून ज्वालामुखी दिसे. गावातलं कुणी त्याला ज्वालामुखी म्हणत नसे, नुसता डोंगर. शेंड्यावर धुराची बारीक रेघ असायची, तिची सगळ्यांना सवय झालेली. बाहेरचे लोक गाइडला घेऊन अंधारात चढत, वरून सूर्योदय बघत आणि दुपारी काकूंच्या दुकानात येत, कारण वरच्या राखेने चष्म्याच्या काचांवर ओरखडे पडलेले असत. आणि जे अजून गेले नसत त्यांना काकू बजावत, "सूर्योदय चुकवू नका हं. आधी खालचे ढग लाल होतात, मग एकदम सोनं सांडल्यासारखं होतं." ऐकणाऱ्याला वाटावं, बाई कालच जाऊन आल्यात. प्रत्यक्षात काकूंनी डोंगरावर पाऊल ठेवलेलं नव्हतं. सगळी गिऱ्हाइकांकडून गोळा केलेली ऐकीव माहिती. दर वर्षी "पुढच्या वर्षी जाऊ" असं ठरे आणि दर वर्षी दुकान आडवं येई.

यंदा आडवा आला न्यूमोनिया. काकू हॉस्पिटलात पडल्या, वाचल्या, अर्ध्या होऊन घरी आल्या. त्या सावरतात न सावरतात तोच गावात बातमी आली: धूर वाढलाय, महिनाअखेरीला वरची वाट बंद होणार. या वर्षापुरती नाही, कायमची.

"मी जाणार," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी छाती तपासली. सावकाश चालायचं असेल तर हरकत नाही म्हणाले. मग काय विचारता! घरात लोकरीचे कपडे कपाटातून निघाले, मोजे उन्हात पडले, बूट पायात मुरावेत म्हणून काकू ते घालूनच काउंटरमागे उभ्या राहू लागल्या. काका पडद्यामागून त्या बुटांची करकर ऐकत. हॉस्पिटलातून आल्यापासून काकू काकांशी थोड्या तुटक वागत होत्या. बोलत होत्या, पण सगळ्या गावाशी बोलावं तसं. काकांना ते जाणवत होतं. का, ते मात्र विचारता येत नव्हतं. विचारायचं म्हणजे बोलायला हवं. त्यामुळे बुटांची करकर ऐकून त्यांना बरं वाटायचं. निदान डोंगरावर तरी आपण बरोबर असू, असं ते मनाशी म्हणत.

निघायच्या आदल्या दुपारी दोघं गाइडच्या खोलीवर गेले. गाइड म्हणजे गावातलीच एक काटक मुलगी. तिच्या नाकावरचा पहिला चष्मा काकूंच्याच दुकानातला, त्यामुळे काकूंच्या लेखी ती अजून शाळेतच होती. खोलीत खुंट्यांवर काठ्या आणि कपाळाला बांधायचे दिवे टांगलेले, टेबलावर मास्कचा ढीग. वर गंधकाचा वास घशाला लागतो म्हणून मास्क. राख काचेसारखी बोचते म्हणून हातमोजे. तिने सगळं दोघांच्या अंगावर चढवून बघितलं.

"वरच्या टप्प्यात सगळी भुसभुशीत राख आहे," ती म्हणाली. "दोन पावलं टाकली की एक मागे घसरतं. घाई केली की संपलं. काका, तुमचे गुडघे कसे आहेत?"

"डावा कुरकुरतो," काकू म्हणाल्या. "पण पट्टा बांधला की चालतो."

"झोप नीट लागते का, काका?"

"झोप? ढोल बडवला तरी उठायचे नाहीत."

मुलीने एकदा काकांकडे बघितलं, एकदा काकूंकडे. "बरं. आता टाकीच्या पायऱ्या."

खोलीमागून एक चिंचोळी पायऱ्यांची गल्ली थेट वर पाण्याच्या टाकीपर्यंत जात होती. गाइड होणाऱ्या प्रत्येकाची आणि गाइडबरोबर जाणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा तिथेच व्हायची. नियम साधा होता: बोलत बोलत चढायचं. गाइड मागून येणार आणि कान देऊन ऐकणार. ज्याचं वाक्य मधेच तुटलं त्याला दम लागला, आणि ज्याला इथे दम लागला तो डोंगरावर जाणार नाही. नाडी नाही, वय नाही, फक्त बोलणं.

"एवढंच?" काकू हसल्या. "अगं, बोलण्यात मला कोण हरवणार?"

आणि सुटल्या. बुटांपासून सुरुवात केली, तिथून मोज्यांवर गेल्या, मोज्यांवरून हॉस्पिटलातल्या शेजारच्या खाटेवरच्या बाईवर. मुलगी मधेच म्हणाली, "काका, तुम्हीही बोला, मला तुमचंही ऐकायचंय." काका वाक्य जुळवू लागले. पण काकूंनी ते काम हातात घेतलंच होतं. "यांचं काय विचारतेस, मी सांगते. यांना चढ आवडतो. लहानपणी हे रोज टेकडी चढून शाळेत जायचे, आणि त्या टेकडीवर... एक कुत्रं... होतं, ते यांच्या... मागे..."

कुत्र्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. काकू कठडा धरून उभ्या होत्या. तोंड उघडं, शब्द नाही. गल्ली अजून अर्धीही झाली नव्हती.

मुलीने त्यांना पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः समोर उकिडवी बसली. "काकू, रागवू नका. मी नाही नेऊ शकत तुम्हाला. वर एखादा बसला ना, तर त्याला उचलून आणण्याशिवाय दुसरा रस्ता नाही. मागे एक गृहस्थ असेच बसले होते राखेत. त्यांना खाली आणेपर्यंत माझी काय अवस्था झाली, मलाच माहीत."

काकूंनी मान डोलावली. मग त्यांनी गळ्यातला मफलर काढला, काकांच्या गळ्यात नीट गुंडाळला आणि म्हणाल्या, "हे जातील. मी दुकानाच्या दारातून बघीन. तिथून पण छान दिसतं."

दारातून सूर्योदय दिसत नाही. दार डोंगराकडे आहे. सूर्य डोंगराच्या पाठीमागून उगवतो, आणि दुकानापर्यंत येतो तेव्हा चांगलं चटकणारं ऊन झालेलं असतं. हे काकूंना ठाऊक होतं आणि काकांनाही.

"ती दोघांचं बोलत होती," काका म्हणाले.

मुलगी दचकली. तिने तो आवाज पहिल्यांदाच ऐकला असावा. "काय?"

"माझ्या वाटणीचंही तिनंच बोलून टाकलं. एकटीनं दोघांचं बोलायचं म्हटल्यावर दम लागणारच की." काकांनी खाली गल्लीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. "परत घे परीक्षा. या खेपेला मी बोलतो. ती नुसती चढेल."

"अहो, पण बोलायचं त्यांनी आहे. नाहीतर मला कळणार कसं?"

काका नुसते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांचं ते बघणं तिला सोसवेना. पोरगी नियमाची पक्की होती, पण दगड नव्हती.

"ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "खालपासून परत. काकू गप्प. पण वर पोचल्या पोचल्या त्यांनी मला एक लांबलचक वाक्य एका दमात म्हणून दाखवायचं. मधे अडखळल्या की विषय संपला. मग मी कुणाचंच ऐकणार नाही."

काकूंना पुरतं विसावू देऊन तिघं पुन्हा खाली आले. काकू निघाल्या, ओठ घट्ट मिटून. शेजारी काका. आणि आता बोलायचं काय?

"हे," काका म्हणाले, "न्हाव्याचं दुकान. बंद आहे."

"हं," काकू म्हणाल्या.

"ही खिडकी. हिरवी आहे. कुंडी आहे, पण कुंडीत काही नाही."

मागे मुलगी खोकल्यासारखं करून हसली. काकांनी पाट्या वाचल्या, दारांचे रंग सांगितले, एका घराच्या पायपुसण्याचंसुद्धा वर्णन केलं. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा त्यांना घाम फुटला होता. मग पाट्या संपल्या. दोन्ही बाजूंना नुसत्या कोऱ्या भिंती उरल्या आणि टाकी अजून बरीच वर होती. काकू शेजारून सावकाश पाऊल टाकत होत्या, पुढचं ऐकायला कान लावून. इतक्या वर्षांत काकूंनी काकांसाठी कान लावलेला काकांना आठवत नव्हता. चूक कुणाची, कोण जाणे.

"तुला हॉस्पिटलात नेलं त्या दिवशी," काका म्हणाले, "डॉक्टरांनी मला विचारलं, ताप कधीपासून, औषधं कुठली चालत नाहीत. मला सगळं ठाऊक होतं. पण तोंडातून शब्द फुटेना. तू नव्हतीस ना सांगायला. त्या नर्सला वाटलं मला ऐकूच येत नाही. ती हातवारे करून विचारायला लागली. मग मी पण हातवारे केले."

काकूंचं पाऊल क्षणभर अडखळलं. मग पुढे पडलं.

"तुझ्या खाटेपाशी बसायचो तेव्हा रोज ठरवून यायचो, आज काहीतरी बोलायचं. वाटेत वाक्यं जुळवायचो. तुझ्या नाकातली ती नळी बघितली की सगळी विसरायचो. मग नुसता बसायचो. तू भिंतीकडे तोंड करायचीस."

"हं," काकू म्हणाल्या, पण तो हं मघाचा नव्हता.

"दुकान उघडायचो. पडद्यामागे बसायचो. पडद्यापलीकडून कुणी काही सांगायचंच नाही. इतकं शांत की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. मग मी चाक सुरू करायचो. काच न लावता. नुसतंच फिरवत बसायचो, तेवढाच आवाज. शेजारचा टायरवाला म्हणाला, काका, बरंच काम दिसतंय. मी म्हटलं..." काका थांबले. "काही म्हटलं नाही. त्यालाही काही म्हटलं नाही. पण भीती वाटत होती गं. तू आली नाहीस तर मी कसा राहणार, तेच समजत नव्हतं."

टाकी आली. काका धापा टाकत होते. एवढं बोलायची त्यांना कुठे सवय. काकू कठड्याला टेकल्या. मुलगी मागून वर आली आणि समोर उभी राहिली.

"काकू. वाक्य."

काकूंनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. नुसते खांदे हलले. मुलीचा चेहरा पडला.

"दम नाही तो," काका घाईने म्हणाले. "तिला दम नाही लागला. ती रडतेय."

"काका, ते मला कसं कळणार? मी वाक्यच..."

"अहो, एवढं सगळं पोटात ठेवून तुम्ही माझ्यासमोर दगडासारखे बसत होतात आणि मी मात्र त्या खाटेवर पडल्या पडल्या रोज हेच मनाला लावून घेत होते की या माणसाला मी असले काय नि नसले काय सारखंच आणि आता घरी गेले तरी कुणासाठी जायचं, तर तेव्हाच माझा हात धरून यातलं एक अक्षर बोलला असतात तर तुमचं काय जाणार होतं?"

टाकीच्या भिंतीवरून आवाज परत आला. मुलगी बोट वर धरून उभी होती, जणू काही मोजत असावी. तिने ते सावकाश खाली घेतलं.

"एका दमात," ती म्हणाली. तिचाही आवाज जरा ओला होता. "मध्यरात्री या. गरम टोप्या विसरू नका. आणि काका, वर चढायला बराच वेळ लागतो, तेव्हा विषय घेऊन या. पाट्या नाहीयेत तिकडे."

ती पुढे निघून गेली. काका तिथेच उभे होते. काकूंचं खरं होतं, त्यांचं काही जाणार नव्हतं. त्यांनी काकूंचा हात धरला. गल्ली उतरायला लागल्यावर काकूंनी नाक पुसलं, पदर सावरला, आणि सवयीने पट्टा सुरू झाला: टोप्या खालच्या कप्प्यात आहेत, पट्ट्याशिवाय तुमचा गुडघा काही...

"थांब," काका म्हणाले. "माझं अजून व्हायचंय."

आणि काकू थांबल्या.